विणकरांचा पंच

ऐका. फार वर्षं लोटली या गोष्टीला. इतकी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. त्या राज्यात नदीकाठी एक शहर होतं. शहराचा कारभार नगरसभा पाहत असे. सभेत व्यापारी होते, सावकार होते, एक स्थपती होता, आणि विणकर आळीचा एक पंच होता. त्याचं नाव हैबती.

हैबती मनाने चांगला माणूस. विणकरांपैकी कुणी सभेत बसण्याची ती पहिलीच वेळ. तो निघाला तेव्हा आळीतल्या बायकांनी त्याला ओवाळलं होतं.

एके वर्षी शेजारच्या शहराने कुस्त्यांसाठी भलंमोठं मैदान बांधलं. भोवती दगडी पायऱ्या, वर कमानी. नावाजलेले पैलवान तिकडे जाऊ लागले, आणि इकडे सभेचा प्रमुख असलेल्या नगरशेठला चैन पडेना. त्याने सभा बोलावली.

"आपलं मैदान त्याहून मोठं हवं," तो म्हणाला. "माणसं येतील, बाजार फुलेल, घरोघरी सुबत्ता येईल. जागा एकच सोयीची आहे. विणकर आळी."

हैबती उठून उभा राहिला. "शेठजी, तिथे आमची घरं आहेत. माग आहेत."

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय, हैबतीबाबा," नगरशेठ गोड आवाजात म्हणाला. "तुम्ही नाही म्हणालात तरी बाकीचे हो म्हणणार. मग आळीच्या हाती काहीच लागणार नाही. हो म्हणा, आणि बदल्यात नवी पक्की घरं मागून घ्या. तुम्ही सभेत आहात तोवर आळीचं भलंच होईल."

हैबतीला ते पटलं. निदान पटल्यासारखं वाटलं. त्याने हात वर केला.

घरी परतताना नदीवर गजराकाकी सूत धूत होती. तिनेच त्याला लहानपणी मागावर बसायला शिकवलं होतं.

"जागा देऊन आलास म्हणे?" तिने विचारलं.

"नवी घरं मिळवली, काकी."

"आम्हाला विचारलं नाहीस."

"तेवढा वेळ कुठे होता?"

"आळी हाकेच्या अंतरावर होती, हैबती," काकी म्हणाली आणि पुन्हा सूत धुऊ लागली.

मैदानाचं काम सुरू झालं आणि पैसा पुरेना. राजाने खजिना उघडायला नकार दिला. सभेने कर्ज काढलं आणि ते फेडण्यासाठी सुतावर कर बसवायचं ठरवलं.

"सूत तर फक्त आम्हीच घेतो," हैबती म्हणाला.

"सगळ्यांवर कर बसवला तर शहर बोंब मारेल," नगरशेठ म्हणाला. "मैदान कमवायला लागलं की उठवू. तुम्ही अडून बसलात तर घरांचं काम मात्र रखडेल."

घरांपायी हैबतीने पुन्हा हात वर केला.

मग घरांचा आराखडा आला. एकावर एक मजले, अरुंद जिने, आणि मैदानाच्या बाजूला एकही खिडकी नाही. राजा समोर बसेल तेव्हा त्याला देखणी, सलग भिंत दिसायला हवी होती. वाळत घातलेले कपडे नकोत.

"आणि माग?" हैबतीने विचारलं. "आमचा माग जमिनीत खड्डा खणून बसवतात. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो. वरच्या मजल्यावर खड्डा खणायचा कुठे?"

स्थपती गोंधळला. तो वाईट माणूस नव्हता. "हे मला आधी कुणी सांगितलं नाही," तो हळूच म्हणाला. "आता तर पाया भरून झालाय."

"खाली मागांसाठी पडवी काढू," नगरशेठ म्हणाला. "पुढच्या वर्षी."

हैबतीचा हात वर गेला. आता तो उचलायला जडही वाटत नव्हता.

मैदानाचं उद्घाटन थाटात झालं. राजा आला, हलग्या वाजल्या. हैबती नवं पागोटं बांधून पुढच्या पायरीवर बसला. त्या एका दिवशी आपण योग्यच केलं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

मग आणखी कुठल्याशा शहराने याहून मोठं मैदान बांधलं. पैलवान तिकडे गेले. पायऱ्यांच्या फटींतून गवत वर आलं. कर्ज मात्र जागेवरच राहिलं, आणि सुतावरचा कर वाढत गेला. पडवी कधीच झाली नाही. सुट्या केलेल्या मागांची लाकडं घरांच्या कोपऱ्यांत उभी होती. पुढे ती चुलीत गेली.

एकेक कुटुंब शहर सोडू लागलं. कुणी दुसऱ्या राज्यात गेलं, कुणी खाणीवर दगड फोडायला. शेवटी गजराकाकीचा पुतण्या तिला न्यायला आला. काकीला जिना उतरवत नव्हता. पुतण्याने तिला पाठीवर घेतलं. हैबती जिन्याच्या तोंडाशी उभा होता.

"काकी, तू तरी राहा," तो म्हणाला.

"कुणासाठी रे? तुझ्या सभेसाठी?" काकीने विचारलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर हैबतीला बरं वाटलं असतं.

त्यानंतर सभा भरली. नगरशेठ म्हणाला, "आपलं मैदान लहान पडलं म्हणून मागे पडलो. ही रिकामी घरं पाडू आणि पायऱ्या वाढवू. त्यासाठी नवं कर्ज काढू."

बाकीच्यांचे हात वर गेले. हैबती उठला. त्याचा आवाज स्पष्ट होता.

"नाही. विणकरांच्या वतीने सांगतो, नाही. जागा दिली, कर दिला, घरं घालवली. आता पुरे."

हा शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. नगरशेठ रागावला नाही. त्याने शांतपणे विचारलं, "हैबतीबाबा, शहरात आता विणकर किती उरलेत?"

हैबतीने बोटांवर मोजायला घेतलं, आणि पहिल्याच बोटावर, स्वतःवर, तो थांबला.

"एकट्या माणसाला पंच कशाला?" नगरशेठ म्हणाला. शिपायाने अदबीने हैबतीचा हात धरून त्याला दारापर्यंत पोहोचवलं. दार बंद होण्याआधीच ठराव मंजूर झाल्याचं त्याला ऐकू आलं.

तो मैदानाकडे गेला. याच जागेवर कुठेतरी त्याचं घर होतं, त्याच्या बापाचा माग होता. गवतातून तो अंधार पडेपर्यंत फिरला. उंबरा नेमका कुठे होता, ते त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: नकार द्यायचा तो पाठीशी आपली माणसं आहेत तोवरच द्यावा, ती उठून गेल्यावर दिलेला नकार कुणाच्याच कामाचा नसतो.