माती तपासलीय का?

बिल्डर उगलेसाहेबांना ‘थांबा’ म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. जिमची जागाही त्यांचीच. पहिल्याच दिवशी ते तडक वजनांकडे निघाले, तर नवी ट्रेनर वृषाली रक्तदाबाचा पट्टा घेऊन आडवी आली.

“आधी तपासणी, साहेब.”

“माझी? अगं, ही इमारत मी उभी केलीय! उद्याच गाळा खाली करायला लावीन!”

वृषालीने पट्टा तसाच पुढे धरला. “साहेब, तुम्ही माती न तपासताच मजले चढवता?”

शेजारी सायकल मारणाऱ्या, साहेबांकडूनच फ्लॅट घेतलेल्या दोघांचे पाय थबकले.

“छे छे! माती तपासल्याशिवाय मी वीटसुद्धा ठेवत नाही!”

“मग मी तरी वजन कसं ठेवू? देह शेवटी मातीचाच ना, साहेब?”

उगल्यांनी बाही वर केली.