ठकूच्या चुलीतला विस्तव

एक होता राजा. चांगला होता का? कसला चांगला, मेला! हुंकार द्या बरं, नाहीतर मीच झोपेन.

तर ह्या राजानं नगराभोवती उंच तट बांधला आणि दवंडी पिटली, की आजपासून कुणाच्या घरी चूल पेटायची नाही. विस्तव फक्त राजवाड्यात. जो राबेल त्याला तिथली पेज मिळेल. का? तर ज्याच्या घरी चूल, तो कुणाला भीत नाही. राजा दुष्ट होता, खुळा नव्हता. मग शिपायांनी घरोघरी चुलीत पाणी ओतलं. माणसं दिवसभर दगड वाहायची आणि वाडगं घेऊन रांगेत उभी राहायची. कुणी ब्र काढत नव्हतं.

तिथं ठकू नावाची बाई होती. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. तिची लेक सोना ऐन थंडीत बाळंत झाली. मुठीएवढी मुलगी झाली. आता बाळ-बाळंतिणीला शेक नको? बाळाचे तळवे गार पडायला लागले. ठकू काळजीनं अर्धी झाली.

मग तिनं काय केलं? पेज आणायला गेली आणि राजाच्या चुलीतला निखारा मातीच्या वाडग्यात घेतला. वर राख पसरली, पदराखाली धरला. हात भाजत होता, पण बाई शिपायांच्या समोरून हसत हसत घरी आली. काय छाती असेल तिची!

रोज बाळाला शेक मिळू लागला. शेक झाला की निखारा चुलीत, राखेखाली. एकदा शिपाई आले, राख बघून गेले. दुसऱ्यांदा आले, राख बघून गेले. अहो, जन्मात कधी चूल फुंकली असती तर कळलं असतं, की निखारा राखेतच जगतो. ह्यांना वाटलं, राख म्हणजे सगळं विझलं.

पण बाळ बाळसं धरून असं खणखणीत रडायला लागलं, की राजाला वाड्यात ऐकू गेलं. विस्तवाशिवाय ह्या थंडीत बाळ बाळसं धरेल कसं? मग तिसऱ्यांदा राजा स्वतः आला. राखेत हात घातला, बोटं पोळली.

"हिला आणि त्या तान्ह्या पोरीला तटाबाहेर फेका," राजा म्हणाला.

ठकू बाळाला पोटाशी धरून म्हणाली, "फेका. पण विस्तव आता माझ्या एकटीपाशी कुठं आहे? शेजारीण मागायला आली, तिला दिला. तिच्याकडं तिची जाऊ आली. मागितलेला विस्तव नाही म्हणायची आपल्यात रीत नाही."

हे आळीतल्या बायकांनी ऐकलं बरं का. त्यांनी भराभर चुलीत लाकडं सारली. बघता बघता घराघरातून धूर निघाला.

"विझवा," राजा ओरडला.

शिपायांचा नाईक होता रायाजी. तो वळला, तर पहिला धूर त्याच्याच घरातला. दारात बायको उभी, हातात फुंकणी.

"भाकरी टाकलीय," ती म्हणाली. "जेवायला येताय, का विझवायला?"

रायाजीनं भाला भिंतीला टेकवला आणि गेला जेवायला. मागोमाग बाकीचे गेले. राजा उरला एकटा. त्याला कोण भितंय आता? दुसऱ्या दिवशी लोकांनी तट पाडला. राजाला एक खोपटं दिलं, एक चूल दिली. म्हणाले, फुंक आता तुझी तू.

ठकूनं मात्र त्या दिवशी दार लोटलं आणि बाळाचे तळवे चाचपले. छान ऊन होते. मग ती बाई ढसाढसा रडली. शूर माणसंही रडतात रे, काम झालं की रडतात.

पुढं सगळी पोटभर जेवली, सुखानं नांदली. झालं. आता पांघरूण घ्या, आणि डोळे मिटा.