भिवरा कासारणीचे हात

फार मागची गोष्ट, बांगड्या अजून बैलाच्या पाठीवर लादून गावात यायच्या तेव्हाची. सावरखिंडीत भिवरा कासारीण होती. नवरीचा हिरवा चुडा तिनेच भरायचा. चाळीस वर्षांत तिच्या हातून एक बांगडी पिचली नाही, असं म्हणतात.

पुढे संधिवाताने तिची बोटं धरली. पेरं सुजली, मूठ वळेना. पाटलीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "मावशी, तुमचे हात आता लाकूड झाले. माघात माझ्या लेकीचं लग्न, तिच्या चुड्याला अपशकुन नको. गप्प बसून हरिनाम घ्या."

काय जिभा या! हात दुखला की म्हातारी संपली?

"लाकूड?" भिवरा कडाडली. "याच हातांनी तुझा चुडा भरलाय. तेव्हा किंचाळून मांडव डोक्यावर घेतला होतास!"

हात मोकळे करूनच दाखवते, म्हणून तिने मुसळ घेतलं नि दिवसभर कांडत राहिली. सकाळी बोटं वांग्यासारखी टम्म. तेव्हा तिने स्वतःलाच फैलावर घेतलं, "अगं मेले, परक्या पोरींचे हात गोंजारून, दुखलं की थांबून बांगडी चढवलीस. आणि स्वतःच्या हाताशी अशी दांडगाई?"

मग तिने आपला हात नवरीचा मानला. रोज पहाटे कोमट पाण्यात बुडवायची, अंगठा हळू आत मुडपायची, एकेक बोट उघडायची. कळ आली की तिथेच थांबायची, पण दुसऱ्या दिवशी चुकवायची नाही. खांदे फिरवायची, ओढ्यापर्यंत चालून यायची. सुनांनी खाट टाकली, ती तिने परसात भिरकावली. खाटेचे चारी खूर रुजून चार निंब झाले, असं म्हणतात.

माघ आला. पाटलीणबाईंनी परगावचा कासार आणला. त्याने नवरीचा हात आवळला, तीन बांगड्या पिचल्या, रक्त आलं. पोरगी हात लपवून ओरडली, "भिवराआजीला आणा, नाहीतर भुंड्या हातांनी उभी राहते!"

भिवरा आली ती फणफणतच. पोरीचा हात हाती घेतला आणि काच मेणासारखी मऊ झाली, असं म्हणतात. एकवीस-एकवीस बांगड्या सरसर चढल्या. पाटलीणबाई लुगडं घेऊन पुढे झाल्या.

"ठेव तुझं लुगडं," भिवरा म्हणाली. "पुन्हा कुण्या म्हातारीला गप्प बस म्हणू नकोस."

आजही सावरखिंडीत चुडा भरण्याआधी नवरी कोमट पाण्याची परात गावच्या म्हाताऱ्या बायांपुढे ठेवते. भिवराचं नाव घेऊन त्या मुठी मिटतात, उघडतात, सोसेल तितकंच. सगळा मांडव खोळंबतो. कुणी म्हणालंच, "आजी, पुरे आता, बसा," तर त्याला मांडवातून उठवतात. मग तो नवरदेव का असेना.