वनकेसरीसॉरसचा सत्कार

फार फार पूर्वी, भाषणं करायला माणूस अजून जन्मलाही नव्हता, तेव्हा तळ्याकाठी एक डायनासोर राहायचा. चोच पोपटासारखी, अंग कोंबडीएवढं. तो नेच्याची कोवळी पानं खायचा आणि सगळे त्याला पिटुकला म्हणायचे.

एके दिवशी मांसाहारी थोरामोठ्यांनी त्याचा नेच्यांचा पट्टा उन्हात लोळायला म्हणून बळकावला. पिटुकला तणतणत त्यांच्या पुढाऱ्याकडे, जबडेरावांकडे गेला.

"अरे, बरा आलास! आज तुझाच सत्कार आहे," जबडेराव म्हणाले.

सभा भरली, सगळ्यांनी शेपट्या आपटल्या आणि पिटुकल्याचं नाव 'वनकेसरीसॉरस' ठेवण्यात आलं. तो इतका फुलून गेला, की गाऱ्हाणं मांडायचंच विसरला.

घरी पिल्लं भुकेने रडत होती. बायको म्हणाली, "अहो वनकेसरी, आता यांना तुमचं नाव भरवू का?"

त्याची मान खाली गेली. तेवढ्यात तळ्यातलं तरणं कासव आनंदाने हाका मारत आलं. "काका, काका! उद्या माझाही सत्कार आहे!"

पिटुकल्याने झटकन मान वर केली.

"बाळा, आधी धावत घरी जा," तो म्हणाला, "आणि तळं जागेवर आहे का बघ."