वामनचा नाद

“मग दीक्षा केव्हा देता, महाराज?”

वामन खिल्लारे मोठ्यानं बोलला. तो नेहमीच मोठ्यानं बोलायचा. एकतीस वर्षं त्यानं बस चालवली होती, डाव्या हाताला धडधडतं इंजिन घेऊन. निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी आवाज खाली आला नव्हता.

चिंतननाथ महाराज मठाच्या ओसरीवर बसले होते. वामनच्या मागं चार हातांवर त्याची बायको गयाबाई, पदर सावरून.

“कशासाठी हवी दीक्षा?”

“मला अनाहत नाद ऐकू येतो.”

त्याची नजर महाराजांच्या ओठांवरून हलत नव्हती. मठातल्या शिष्यांना ती भक्ती वाटली.

“कसा आहे नाद?”

“बारीक. रातकिड्यासारखा. अष्टौप्रहर चालू असतो. लोक बारा बारा वर्षं साधना करतात, तरी त्यांना मिळत नाही. मला न मागता मिळाला.”

“डेपोत आणखी कुणाला ऐकू येतो?”

“जुन्या ड्रायव्हरांना बहुतेकांना येतो. काझीला येतो, ढोबळेला येतो. पण ते त्याला दुखणं समजतात. डॉक्टरकडे खेटे घालतात.” वामन हसला. “ज्याची त्याची पात्रता.”

महाराज हसले नाहीत.

“डोळे मीट. नाद ऐक. मी खांद्याला हात लावीन, तेव्हा उघड.”

वामननं डोळे मिटले. नाद होताच. आज जरा चढलेलाच होता. त्याला बरं वाटलं. महाराज पारख करतायत, त्यानं मनाशी म्हटलं, आणि पाठ आणखी ताठ केली.

बऱ्याच वेळानं खांद्यावर हात पडला.

महाराज त्याच्याकडे बघत नव्हते. त्याच्या मागं बघत होते.

वामन वळला. गयाबाई पदरानं डोळे पुसत होती.

“काय झालं हिला?”

“ती बोलली.”

“कधी?”

“आत्ता. मी तिला म्हटलं, घरात जे बोलता आलं नाही ते बोल. आधी तिनं तुला हाका मारल्या. मग बोलत राहिली.”

“मला... नाद चालू होता, महाराज.”



वामननं डाव्या कानावर तळवा दाबला. काढला. पुन्हा दाबला. काही फरक पडला नाही. दोन वर्षांपूर्वी डेपोत कान तपासणारे आले होते, तेव्हा तो सुट्टी टाकून घरी बसला होता. ते त्याला आता आठवलं.

“हा इंजिनाचा आहे...” या वेळी त्याचा आवाज इतका खाली आला, की महाराजांना पुढं वाकावं लागलं. “जाईल का हा?”

महाराजांनी मान हलवली. नाही.

“आणि गेलेलं ऐकणं, ते परत...?”

पुन्हा तसंच.

वामननं कानावरचा तळवा खाली घेतला. मग त्यानं विचारलं,

“काय म्हणत होती ती?”

“मला काय विचारतोस?” महाराज म्हणाले. “तिच्याकडे तोंड करून बैस.”