भिवराच्या मागे मागे येणारी होडी

हं, आता पाय आवरा. सदू, ती उशी तुझी नाही, निमीची आहे, दे तिला. गोष्ट हवी ना? मग मध्ये बोलायचं नाही. बोललात तर मी आपली कूस बदलून झोपेन, आधीच सांगून ठेवते.

एक होती खाडी. अलीकडच्या काठाला एका राजाचं गाव, पलीकडच्या काठाला दुसऱ्या राजाचं. मध्ये पाणीच पाणी, पूल नाही की साकव नाही. आणि त्या खाडीवर होडी होती एकच, भिवराची. बाजाराला जायचं, बोलवा भिवराला. लेकीला माहेरी आणायचं, बोलवा भिवराला. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं, आणि मावशीला ते भारी आवडायचं बरं का. तिच्या आईनं राणीला नवरी असताना या काठाला आणलं होतं. आता राणीची लेक उपवर झाली होती. तिला नवरी करून पलीकडे न्यायचं ते आपणच, आपल्याच होडीतून, असं भिवरानं मनाशी पक्कं धरलं होतं.

भिवराच्या होडीत येसू नावाची एक बाई कामाला होती. आत शिरलेलं पाणी उपसायचं, हे तिचं काम. मोठी गुणी आणि हसरी. तिनं काय केलं, काटकसर करकरून लाकूड जमवलं आणि सुताराकडून स्वतःची होडी करून घेतली. पिवळाधमक रंग, पुढे दोन टपोरे डोळे रंगवलेले. भिवरानं ती पाहिली, आणि तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या राहीना.

आता त्या खाडीवर एक रीत होती. नवी होडी पाण्यात घालताना धक्क्यावरच्या जाणत्या बाईनं तिच्यावर कळशीभर पाणी ओतायचं आणि निरोप द्यायचा, "जा बाई सुखानं, ये बाई सुखानं." सासरी निघालेल्या लेकीला देतात ना, तसा. त्या काळी होड्यांना ऐकू यायचं. निरोप ऐकला की होडीला आपली वाट आपोआप कळायची. नाही ऐकला तर नाही कळायची.

जाणती बाई कोण? भिवराच. तिनं पानाचा विडा तोंडात कोंबला, कळशी ओतली, आणि नुसते ओठ हलवले. लोकांना वाटलं, तोंडात पान आहे, म्हणून ऐकू आलं नसेल. येसू बिचारी वाकून तिच्या पाया पडली. भिवरानं तिच्या डोक्यावर हातही ठेवला, वरवरचा.

मग येसूनं वल्हं मारलं. होडी जागची हलेना. पुन्हा मारलं, तरी नाही. भिवरा गालातल्या गालात हसली आणि आपली होडी घेऊन निघाली. तशी ती पिवळी होडी हलली, आणि निघाली की तिच्या मागे! भिवरा डावीकडे वळली, ही डावीकडे. भिवरा उजवीकडे वळली, ही उजवीकडे. बदकाचं पिल्लू आईच्या मागे जातं ना, तसं. येसूनं वल्हं घातलं तरी तेच, उचलून ठेवलं तरी तेच.

आधी लोक हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की ही पण पलीकडेच जातेय. नवीकोरी आहे, ऐसपैस आहे. झालं, जो तो येसूच्या होडीत. भिवरानं वल्हं मारून मारून घाम गाळायचा, आणि मागून येसूची होडी माणसांनी भरलेली, डुलत डुलत यायची. पोरं तर हट्टानं तिच्यातच बसायची. भिवराच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. अन्न गोड लागेना. राजानं उद्या लेकीसाठी हिलाच बोलावलं तर, हा एकच घोर.

मग तिनं काय केलं, येसू जेवायला गेलेली पाहून पिवळी होडी काथ्याच्या जाड दोरानं माडाला बांधून टाकली. चांगल्या गाठींवर गाठी मारल्या. आणि निघाली पलीकडे. अर्ध्यात जाऊन मागे बघते तर काय, होडी येतेय, आणि मागे दोराला बांधलेला अख्खा माड तरंगत येतोय. पलीकडच्या लोकांनी त्याची शहाळी काढली आणि येसूच्या होडीचं नाव घेत घेत प्यायली. भिवराला कुणी विचारलं, "मावशी, एक देऊ का?" तिनं तोंड फिरवलं.

मग दुसरी युक्ती. ओहोटी लागली होती. भिवरा मुद्दाम चिखलाच्या बाजूला गेली. म्हटलं, ही गाळात रुतेल आणि मी सटकेन. ती रुतली, पण तिच्याआधी कोण रुतलं? भिवरा. पुढे तीच होती ना! भरती येईपर्यंत दोघी तिथेच, भर उन्हात. येसूनं फडकं सोडलं, भाकरी आणि सुकटीची चटणी काढली, आणि म्हणाली, "मावशी, खाऊन घे. माझी होडी खुळी आहे, तुला उगाच ताप." भिवरानं भाकरी खाल्ली. भूक लागली होती, काय करते? पण प्रत्येक घासाला तिच्या मनात येत होतं, चटणीसुद्धा हिचीच चांगली.

मग ठरलं एकदाचं राजकन्येचं लग्न. राजा धक्क्यावर आला. म्हणाला, "नवरी पिवळ्या होडीतून न्यावी म्हणतो."

भिवरा चटकन पुढे झाली. "महाराज, तिला वाट कुठे कळते? ती माझ्या मागे येते. विचारा येसूला."

येसूनं मान खाली घातली. मग राजानं नवरीला भिवराच्या होडीत बसवलं, आणि करवल्या, वाजंत्री, वऱ्हाडातली सगळी चिल्लीपिल्ली येसूच्या होडीत. भिवराला हवं होतं ते मिळालं. आता तरी गप वल्हं मारावं की नाही? पण नाही. मागच्या होडीत सनई वाजायला लागली, पोरं टाळ्या पिटायला लागली, आणि नवरीसुद्धा मान वळवून तिकडेच बघायला लागली. भिवराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीही सारखी मागे वळून बघायला लागली. त्या खाडीत एक मोठा खडक होता. तो कुठे आहे हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. पण डोळे मागे लागलेले, त्याला कोण काय करणार! धाडकन होडी खडकावर चढली, फळी फुटली, पाणी आत यायला लागलं.

आणि मागून ती पिवळी होडी सरळ येतेय, खडकावरच. तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. येसू जिवाच्या आकांतानं वल्हं मारतेय, होडी वळत नाही. पोरं रडायला लागली.

भिवरानं ते पाहिलं. ती उभी राहिली. तोंडात पान होतं ते थुंकून टाकलं, ओंजळभर पाणी येणाऱ्या होडीकडे उडवलं, आणि घसा फाडून म्हणाली, "जा बाई सुखानं, ये बाई सुखानं!" मनापासून म्हणाली बरं का. अगदी पोटातून.

होडी थबकली. अंग झाडलं तिनं. आणि खडकाला वळसा घालून आपली आपण पलीकडे निघाली. पोरं काठाला उतरली, आणि होडी येसूला घेऊन परत आली. येसूनं बुडत्या होडीतून आधी नवरीला घेतलं, मग भिवराला. आजवर भिवरा कधी कुणाच्या होडीत बसली नव्हती. त्या दिवशी बसली, पदर ओला, हात रिकामे.

पलीकडे नवरी उतरली ती येसूच्या होडीतून. सगळ्यांनी येसूची वाहवा केली. भिवरा एका बाजूला उभी होती. ती येसूला म्हणाली, "तुझी होडी खुळी नव्हती गं. मीच तिला निरोप दिला नव्हता. तुझं चांगलं झालेलं मला बघवलं नाही."

येसूनं पाठ फिरवली. रागावली होती, रागावणारच. चांगले पाचसहा दिवस तिनं मावशीशी अबोला धरला. मग एके दिवशी सुताराला घेऊन खडकाकडे गेली, भिवराची होडी ओढून आणली, नवी फळी बसवली, आणि म्हणाली, "ऊठ मावशी, बाजारचा दिवस आहे, मला एकटीला गर्दी आवरत नाही."

तेव्हापासून खाडीवर दोन होड्या झाल्या. भिवराचा हेवा गेला का? छे, इतका सहजी कुठे जातो. येसूची होडी आधी भरली की तिच्या पोटात अजून कळ यायची. पण आता ती सरळ हाक मारून सांगायची, "येसू, आज मला तुझा फार हेवा वाटतोय गं." मग येसू हसून आपल्या होडीतली दोन माणसं तिच्या होडीत पाठवायची, आणि दोघी बरोबरच निघायच्या.

अशा त्या दोघी सुखात राहिल्या, नवरीही सासरी रमली. बघा, निमी तर झोपलीसुद्धा. सदू, मीट डोळे.