घमेल्यातली मरळ

"...मग त्याला मठात ठेवायचंच कशाला, माई?"

भार्गवनं गिरजामाईंना विचारलं.

पैनगंगेच्या काठावरच्या त्या मठात भार्गव त्यांचा सर्वांत जुना शिष्य. पाण्यात नुसती सावली हलली तरी मासा ओळखायचा. कपारीत वाम, चिखलात शिंगी, शेवाळात मरळ; त्याचा अंदाज कधी चुकला नव्हता. आताशा तो माणसंही तशीच ओळखू लागला होता.

आणि मठात नव्यानं आलेला तुळबा त्याच्या डोळ्यांत सलत होता.

"तुमच्यापुढं मान खाली. घाटावर गेला की खिदळतो. एका माणसाचे दोन रंग... चोर आहे तो."

"काय चोरलं?"

"अजून सापडलं नाही."

माई हसल्या नाहीत. "शेवाळातली एक मरळ आण."

भार्गवनं आणली. काळीकुट्ट, शेपटीला एक चीर. माईंनी पांढऱ्या घमेल्यात पाणी घेतलं, तिला आत सोडलं, वर फडकं टाकलं.

"राखत बस."

भार्गव घमेल्याला चिकटून बसला. तुळबा कामासाठी येता-जाता जवळून गेला, की भार्गव त्याचे हात बघायचा. मध्येच माईही येऊन, फडकं जरासं वर करून, कळशीतलं पाणी ओतून गेल्या.

दिवस कलल्यावर माईंनी फडकं काढलं.

आत मरळ होती. फिकट, वाळूच्या रंगाची.

"ही ती नव्हे!" भार्गव ताडकन उठला. "तुळबानं बदलली!"

"तू कुठं होतास?"

"इथंच. जागचा हललो नाही."

"मग?"

भार्गवची नजर हळूहळू माईंच्या हातांवर गेली. पाणी त्यांनीच ओतलं होतं. फडकंही त्यांनीच उचललं होतं.

"माई... तुम्ही?"

माईंनी दोन्ही तळवे त्याच्यापुढं उघडे धरले. बराच वेळ तसेच धरून ठेवले.

त्याला ते बघवेना. मान खाली गेली, तशी घमेल्यातली शेपटी दिसली.

तीच चीर. मरळ तीच होती; पांढऱ्या घमेल्यात तिचा रंग तेवढा उतरला होता.

तुळबाच्या नावानं ओठांवर आलेला शब्द त्यानं गिळला. घमेलं उचललं. पाणी हिंदकळत होतं.

"हिला कुठं सोडू, माई? शेवाळात, की वाळूतल्या उथळ पाण्यात?"

"जिथं तुझा पहारा नसेल, तिथं."